आमेन मीही म्हटलं

मंगळ. ७ ऑगस्ट १९७३, कर्जत

रूथ शाळेतून आली ती थेट स्वयंपाकघरात. पाण्याचा तांब्या हातात धरून नुसती उभी. "आई, एक सांगायचंय. आधी शपथ घे." म्हटलं, आपण शपथ घेत नाही. "मग नुसता शब्द दे." दिला.

पोशीरला ती शिकवते त्याच शाळेत एक गुरुजी आहेत, अशोक. तिथलेच, बौद्ध घरातले. लग्न करायचं म्हणते. "बाबांना मी सांगेन, माझ्या वेळेला. तोवर तुझ्यापाशी ठेव."

हे चर्चच्या मंडळीतले वडील, म्हणजे पंचच. दर रविवारी पहिल्या बाकावर. एकुलती एक लेक मंडळीबाहेर द्यायची म्हटल्यावर यांचं काय होईल या विचाराने विळीवरून उठलेच. मुलगा कसा आहे एवढंसुद्धा विचारायचं राहिलं.

सोम. १३ ऑगस्ट

अन्न गोड लागेना. दवाखान्यात एका बाळंतिणीचं कार्ड दुसरीच्या हातात दिलं. नर्स म्हणून बावीस वर्षांत पहिल्यांदा.

परतताना भिसेगावला मार्थाकडे गेले. रूथच्या जन्माच्या वेळी माझे हात धरून बसली होती ती हीच. सगळं सांगितलं. म्हटलं, प्रार्थनेसाठी सांगतेय गं, तुझ्यामाझ्यात. "वेडी का काय? माझ्या पोटातून बाहेर जाईल?" आल्याचा चहा केला तिने. हलकं वाटलं. आज जेवले.

शुक्र. १७ ऑगस्ट



स्त्रीसभा मार्थाच्या घरी. दहा-बारा जणी. गीत झालं, वचन झालं, मग प्रार्थना. चालवायची पाळी मार्थाची. आजारी झाले, परीक्षेची पोरं झाली. आणि मग तिचा आवाज ओला झाला. "बापा, आमच्यातल्या एका भगिनीच्या लेकीला सैतानाने पोशीरच्या वाटेवर गाठलंय. परक्यांच्या घरातल्या अंधारात तिचं मन अडकलंय. तिला सोडव..."

कर्जतच्या मंडळीत पोशीरला जाणारी लेक एकच.

मध्येच थांबवायचं कसं? प्रार्थना चाललेली, सगळ्यांचे डोळे मिटलेले. शेजारची शांताबाई हळूच हुंकार देत होती. चटईची एक काडी बोटाला टोचत होती, ती मी तशीच दाबून धरली. शेवटी सगळ्या म्हणाल्या आमेन. मीही म्हटलं. सवयीने तोंडातून गेलं.

निघताना मार्था गळ्यात पडली. "मोकळं झालं ना?" म्हणे.

शनि. १८ ऑगस्ट

बाजारात शांताबाईच्या नवऱ्याने यांना गाठलं. "आम्ही सगळे प्रार्थनेत आहोत," म्हणाला. हे घरी आले ते चप्पल न काढताच आत. रूथ पोरांच्या वह्या तपासत होती. यांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "तुझी नोकरी आजपासून बंद."

रूथने यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"तू सांगितलंस?"

"मार्थाने सगळ्यांसमोर..."

"मार्थामावशीला मी नव्हतं सांगितलं."

बॅग भरली. नेरळला तिच्याबरोबरच्या एका बाईंची खोली आहे, तिथे गेली. दारात म्हणाली, "नाव रूथ तूच ठेवलंस ना? बायबलातली ती रूथ कुठली, आणि कुठल्या परक्या लोकांत गेली, ते एकदा वाच." यांनी तेव्हापासून एक शब्द काढलेला नाही.

मंगळ. २१ ऑगस्ट

केसाने गळा कापला बाईने, आणि तोही गुडघे टेकून. शिवी दिली असती तर उलट दिली असती. प्रार्थनेला काय उत्तर द्यायचं?

या गावात कुणाचं मूल कधी पडलं, कुणाचं कुणाचं आहे, कोण रात्र काढणार नाही, हे सगळं मला ठाऊक. कधी यांनासुद्धा सांगितलं नाही. गावाची गुपितं बावीस वर्षं पोटात राहिली आणि पोटच्या पोरीचं सहा दिवस राहिलं नाही.

मार्थाचंही एक आहे माझ्याकडे. आजवर या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं, आज लिहिते. तिच्या लिलीला विषमज्वर झाला होता, पोर हातची जाते की काय अशी वेळ. इंजेक्शन द्यायला गेले तर दंडाला काळा दोरा. ही खालापूरकडच्या एका देवीची ओटी भरून आली होती. पाया पडायला लागली माझ्या. "मंडळीला कळलं तर जिवंत गाडतील." पट्टी कापायच्या कात्रीने मी दोरा कापला, चुलीत टाकला, लिलीची चादर सारखी केली. तिला एक अक्षर विचारलं नाही. आई होती ती.

आणि हिने माझं हे केलं.

रवि. २ सप्टेंबर

महिन्याची उपासना, पाळकसाहेब पुण्याहून आले. उपदेश नेमका दोष लावण्यावर. पारख करावी, न्यायाधीश होऊ नये. म्हणाले, तांदूळ निवडणारी बाई खडा ओळखते, बाजूला काढते; खड्यासाठी ताट उकिरड्यावर फेकत नाही, आणि शेजारणींना बोलावून खडा दाखवतही बसत नाही. मार्था पुढच्या रांगेत मान हलवत होती! मला उठून जावंसं वाटलं.

नंतर पाळकसाहेबांना गाठून सगळं ओकले. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही त्यांच्याकडे एकट्या गेलात का? प्रभूने पहिली पायरी तीच सांगितली आहे." नाही, म्हटलं. "माझ्याकडे आलात, म्हणजे पायरी चुकली." राग आला. हेच वाक्य मार्थाला का नाही सांगत?

त्याआधी उपासनेत प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला पुढे आला तेव्हा घेतला नव्हता; मनात वैर ठेवून घेऊ नये. यांनी पाहिलं.

गुरु. ६ सप्टेंबर

दवाखान्यात एक म्हातारी रांग सोडून बाजूला उभी. शेवटी आली. "दुखत काय नाय बाय. मी पोशीरची. अशोकची आई." तिला बाकावर बसवलं. तिने पदराखालून तांदळाची पुरचुंडी काढली, घरचा.

"आमाला दोन म्हयन्यांपासनं ठावं हाय. पोरं आपल्या तोंडानं सांगतील तवा सांगतील म्हनून आमी गप. तुमच्याकडं लई बोभाटा झाला म्हनं?"

मान खाली गेली माझी. म्हटलं, माझ्यामुळे.

"पोरगी जेवत नाय धड. तुमी एकदा जा तिच्याकडं."

त्या घराला मार्थाने अंधार म्हटलं होतं. आणि मी आमेन.

शनि. ८ सप्टेंबर

गेले मार्थाकडे, एकटी. पहिली पायरी. म्हटलं, तू माझा विश्वासघात केलास. ती थक्कच झाली, खोटी नव्हे. "अगं, मी कुणाला नावं ठेवली? नाव तरी घेतलं? तुझं ओझं देवापुढे नेलं." म्हटलं, देवापुढे नाही, शांताबाईपुढे. रडायला लागली. "तूच म्हणालीस प्रार्थनेसाठी." हे मात्र मी म्हणाले होते.

दोरा जिभेच्या टोकावर आला होता. गिळला. समेट काही झाला नाही.

शुक्र. २१ सप्टेंबर

सभा आमच्याकडे, प्रार्थना मी चालवायची. मार्था येणार नाही वाटलं होतं. आली. समोर बसली.

सुरुवात नीट केली. मग माझ्याच कानांनी ऐकलं, मी म्हणत होते, "बापा, एका आईने लेकरासाठी, तुला सोडून..." पुढचे शब्द तयार होते. खालापूर, ओटी, दोरा. तिच्याइतकाच ओला आवाज मलाही काढता आला असता.

डोळे उघडले. सगळ्यांचे मिटलेले. फक्त मार्थाचे उघडे, माझ्यावर. चेहरा पांढरा.

तिला भ्यालेली पाहून मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. हे खरं आहे म्हणून लिहिते.

मग "आमच्या स्वर्गातील बापा" सुरू केलं, सगळ्यांनी धरलं. सगळ्या गेल्यावर मार्था मागे राहिली. कपबश्या विसळल्या, पालथ्या घातल्या, गेली.

मी थांबले ती दयेने, की तिने पाहिलं म्हणून? मला सांगता येत नाही.

सोम. २४ सप्टेंबर

रूथला आतापर्यंत तीन पत्रं लिहिली होती, पोशीरच्या शाळेच्या पत्त्यावर; ती अजून तिथेच शिकवते. तिन्हींत मार्थाने असं केलं, मार्थाने तसं केलं. एकाचंही उत्तर नाही. आज चौथं टाकलं. त्यात मार्थाचं नाव नाही. "तू माझ्यापाशी ठेवायला दिलंस आणि मी ते बाहेर दिलं. अशोक कसे आहेत हे मी तुला विचारलंच नव्हतं. आता विचारते."

टाकायच्या आधी यांना वाचून दाखवलं. माझ्या पेनाचं टोपण लावत म्हणाले, "तिने उत्तर टाकलं, तर पोशीरला टपालाची लाल पेटी रोज उघडतात का?" महिन्याभरातलं पहिलं वाक्य.

मार्थाशी अजून बोलले नाही. पुढच्या रविवारच्या पुढचा रविवार प्रभुभोजनाचा. आज टपाल येऊन गेलं, आपलं काही नव्हतं.