वरच्या तालुक्याचा रंग

३ ऑक्टोबर, शुक्रवार
सकाळी नबीलाचा निरोप. येमेनमधली माझी वार्ताहर. शाळा बंद पडण्याआधी गणिताची बाई होती. वरच्या तालुक्याच्या घाटात नाक्यावर गोळीबार झाला. दवाखान्याच्या गाडीचा चालक ठार. दोघांकडून खात्री केलीस का, विचारलं. "उस्ताझा, त्याच्या घरी जाऊन आले. त्याची आई एक, मी दुसरी." बाईंना तिकडे उस्ताझा म्हणतात. किती वेळा सांगितलं, नावाने हाक मार. ऐकत नाही.
नोंद केली. मदतसंस्थांसाठी आम्ही दर गुरुवारी धोक्याचा नकाशा काढतो, नियमाप्रमाणे या आठवड्याच्या नकाशात तालुका पिवळ्याचा लाल करायचा.

५ ऑक्टोबर, रविवार
प्रकाश म्हणाला, "रविवारी तरी नवऱ्याकडे बघ. इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरमध्ये बसून तिकडचे सिग्नल कसले बदलतेस?" वांगी करपली, त्याचं खापरही येमेनवर.
दुपारी नबीलाचा लांबलचक निरोप. मस्कतच्या वर्षांत शिकलेली माझी अरबी रडणाऱ्या माणसाला पुरत नाही, दोनदा ऐकला. तालुका लाल झाला की तिथला दवाखाना चालवणाऱ्या परदेशी संस्थेच्या माणसांचा विमा संपतो. डॉक्टर, औषधं, गाड्या, सगळं त्याच दिवशी खाली उतरणार. तालुक्यात दुसरा दवाखाना नाही. तिची भावजय अमल आठव्या महिन्यात आहे. जुळं. अंगात रक्त नाही.
"बाळंतपण होईपर्यंत पिवळा राहू द्या. तुम्हाला काही करायचं नाहीये. फक्त काही करू नका."

६ ऑक्टोबर, सोमवार
ग्रेगला विचारलं. माझा वरिष्ठ, माझ्या मुलीच्या वयाचा. नबीलाचं नाव घेतलं नाही. "सुनंदा, इफ इट्स रेड, इट्स रेड." बरोबर आहे. नव्या मुलांना हे मीच शिकवते.
शिवाय गुरुवारी त्याच घाटातून लसींची गाडी चढणार आहे. बरोबर एक नवी सुईण, पहिलीच नेमणूक. पिवळा ठेवला तर ती जाणार, आणि नाक्यावरची माणसं तिथेच आहेत.
अहवालात सामाजिक परिस्थितीवर परिच्छेद लिहिला होता. मुलींची शाळा बंद, पाण्याच्या रांगेत डोकी फुटताहेत, तेरा-चौदा वर्षांच्या पोरींची लग्नं लागताहेत. ग्रेगने तो शेवटी ढकलला. नकाशाला लागत नाही म्हणे. खरंच लागत नाही. यातल्या कशालाच रंग नाही. बंदूक वाजली तरच.
राज्यशास्त्रात एम.ए. केलं तेव्हा युद्ध म्हणजे तहाची कलमं. पाठ होती सगळी.

८ ऑक्टोबर, बुधवार
नबीलाशी फोनवर. आवाज तुटत होता.
मी म्हटलं, ती सुईण मेली तर?
"आणि अमल?"
तुझ्या घरचं माणूस आहे म्हणून नियम कसा...
"घरचं नसतं तर भांडलेच नसते. नोंद पाठवून भाकरी भाजत बसले असते, तुमच्यासारखी." मग हसली. "मला खोटंच बोलायचं असतं, उस्ताझा, तर चालक गाडीसकट दरीत पडला म्हणून कळवलं असतं. तुम्ही दरी बघायला येणार होता का?"
नव्हते येणार. तीच म्हणाली, "जेवलात का?"

९ ऑक्टोबर, गुरुवार
लाल केला. चहाआधी, म्हणजे विचार करायला वेळ नको.
लसींची गाडी निघालीच नाही. सुईण खाली शहरातच राहिली. हे लिहून ठेवते आहे. कुणासाठी, माहीत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार
नबीला: "गाड्या उतरल्या. डॉक्टरने अमलला गोळ्या दिल्या आणि देवाचं नाव घे म्हणाला. ते आम्ही फुकटात घेत होतोच. नकाशा आता अगदी बरोबर आहे. अभिनंदन."
उत्तर तीनदा लिहिलं, खोडलं. शेवटी पाठवलं: काळजी घे. यापेक्षा निरुपयोगी शब्द नाहीत.

१८ ऑक्टोबर, शनिवार
मंडळाची दिवाळी, शाळेच्या हॉलमध्ये. जाणं भाग. वैद्यकाकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सुनंदा, अजून तुझं ते येमेन चालूच? तुला डोहाळजेवणाला बोलवायची सोय नाही बाई, तिथेही बॉम्ब काढशील." सगळ्या हसल्या. मीही हसले. डोहाळजेवण शब्दच मनात अडकला, नंतरच्या गप्पा ऐकू आल्या नाहीत.
मी पाठवलेले निरोप नबीलापर्यंत पोचत नाहीत. एकच टिक.

२७ ऑक्टोबर, सोमवार
खालच्या शहरातल्या वार्ताहराला विचारलं. वरचा मोबाइलचा टॉवर पडला म्हणे. कुणी म्हणतं, पाडला. घाट चढून बघायला तो तयार नाही. "तुम्हीच तर लाल केलाय." आग्रह केला नाही.
अमलचे दिवस भरले असतील.
प्रकाशने आज विचारलं नाही काही. ताट वाढून आणून ठेवलं. मी ओरडले त्याच्यावर, वरण गार म्हणून. गरम होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार
ग्रेगचा फोन, खुशीत. "गुड न्यूज! तुझा तालुका खाली येतोय." ठरावीक आठवडे एकही घटना नोंदली गेली नाही तर रंग आपोआप उतरतो. थेट हिरवा. हिरवा झाला की डॉक्टर परत जाणार, गाड्या परत चढणार, त्याच घाटातून.
म्हटलं, नोंद नाही कारण नोंदवणारी नाही. टॉवर नाही. तिथे काय चाललंय ते आपल्याला माहीत नाही. माहीत नाही याला काही रंग द्या. राखाडी द्या.
"राखाडी नाहीये आपल्याकडे, सुनंदा. तुझ्याकडे काही इन्सिडेंट आहे का? नाही ना?"
नाही.
मग दुपारभर बसून राहिले. नबीला गणिताची बाई. हा नियम तिला माझ्याइतकाच पाठ. गप्प बसलं की तालुका हिरवा होतो, दवाखाना परत येतो, हे तिने मांडलं नसेल? मुद्दाम गप्प असेल? की ती नाहीच? की नुसता टॉवर?
नकाशा गुरुवारी जायचा. तोवर तिचा एक निरोप आला, घाटात अजून गोळ्या चालतात एवढाच, तर मला तो नोंदवावा लागेल, आणि लाल राहील. नाही आला तर हिरवा.
सकाळपासून फोन हातात आहे. देवापुढे उभी राहिले. काय मागावं ते ठरेना, तशीच परत फिरले.