वर्षापूर्वीही याच घरात

शुक्रवार संध्याकाळ, अजमान

आज व्हिसाचे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये जाऊन सईचा व्हिसा कॅन्सल केला. पोरगी जन्मली इथेच, आणि दहा मिनिटांत खलास! परवा नोकरीसाठी अमेरिकेला निघतेय. घरी येऊन तिच्या त्या शहराची जनगणनेतली माहिती वाचत बसलो. लोकसंख्या, उत्पन्न, परदेशात जन्मलेले किती. एक ओळ मात्र डोक्यातून जाईना: ‘वर्षापूर्वीही याच घरात राहणारे.’ असलंही मोजतात?

“बाबा, इट्स जस्ट अ सिटी,” सई म्हणाली.

तिथे ती परदेशात जन्मलेली. इथे जन्मून इथलीही नाही. मग माझी पोरगी कुठली?

परत तीच ओळ. पुढच्या वर्षी या घरात तेच राहणारे म्हणजे सईची आई आणि मी, दोघंच. तेही माझी नोकरी, आणि तिच्यावरचा आमचा व्हिसा, टिकला तर.