दगडी हत्तीपर्यंत

रविवार, संध्याकाळ. लातूर.

वनउद्यानात आज माझ्या मोज्यात कुसळ शिरलं. शासनाने अद्याप दखल घेतलेली नाही. मी वाटेवरच्या सिमेंटच्या कासवाशेजारीच बसकण मारली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बायकोची ही पहिलीच फेरी, तरी तिला पार टोकाच्या दगडी हत्तीला हात लावायचा होता.

"पोचलीस तर आजच्या भाकरी मी थापतो," म्हणालो. कशाला म्हणालो?

"बसा तुम्ही कासवापाशी. जोडा लई शोभून राहिला," म्हणत ती निघाली.

सिमेंटच्या हरणापाशी थांबली. वाटलं, परतेल. नाही. काठी टेकत हत्तीपर्यंत गेलीच, आणि तिथून हात हलवला. माझ्या डोळ्यांत पाणी... कुसळामुळेच असणार. मोज्यातल्या.

उद्या मीही जाणार, कुसळासकट.

आता ती टीव्हीपुढे पाय पसरून बसलीय. पैजेबद्दल अवाक्षर नाही. लिहिणं पुरे. मुकाट्याने ज्वारीचं पीठ मळायला घेतो.