पोस्टरवरचं औताडे

वैजापूर, ३ नोव्हेंबर १९८८

प्रिय सरोज,
स. न. वि. वि.

पोलीस ॲक्शननंतर शाळा पुन्हा सुरू झाली, त्या वर्षी कॉन्व्हेंटच्या गच्चीवर चिंचा खात एका दमात कोण जास्त बोलतं हे आपण खेळायचो, आठवतं? मी हसायचे आणि हरायचे. तुझ्या भावाशी लग्न झाल्यापासून हसणं कमी झालं, हरणं चालूच आहे.

तुझ्या भाच्याची, आपल्या मुकुंदची, कबड्डीच्या राज्य संघात निवड झाली. फुलंब्रीला सत्कार आहे. पण पेपरवाल्यानं ह्यांना विचारलं, नाटकातले औताडे तुमचेच का? ह्यांनी नाही म्हणून सांगितलं. मुकुंदला स्थळं येताहेत, तेव्हा नव्या नाटकाच्या पोस्टरवर तू नुसतं ‘सरोजिनी’ लावावंस आणि सत्काराला येऊ नयेस, असं ह्यांचं म्हणणं. रागावू नकोस. मी नुसती निरोप्या.

लोभ कमी करू नये.

तुझी उमा

औरंगाबाद, ७ नोव्हेंबर

प्रिय उमावहिनी (रागात असले की वहिनी),
स. न. वि. वि.

पोस्टर लागलं. त्यावर मी, माझा चुलतभाऊ लक्ष्मण आणि त्याच्या दोन्ही पोरी आहोत. चौघांपुढेही औताडे आहे. पुसायचं असेल तर तुझ्या नवऱ्यानं, आप्पानं, शिडी घेऊन गुलमंडीवर यावं.

परवा इंग्लंडच्या रेडग्रेव्ह नावाच्या खेळाडूबद्दल वाचलं. होडी वल्हवून त्यानं ऑलिंपिकचं सुवर्णपदक मिळवलं. तिथल्या एका नटांच्या घराण्याचंही हेच आडनाव; बाप, लेकी, सगळे रंगभूमीवर. त्यांचं आपसात नातं असो नसो, कुणी कुणाला आडनाव उतरवायला सांगितल्याचं वाचलं नाही. मी तर सख्खी बहीण.

मुकुंद कॉलेजसाठी माझ्याकडे राहिला, तेव्हा चढाईत त्याचा दम पुरत नव्हता. माझी लांबलचक स्वगतं त्याच्याकडून रोज एका श्वासात कुणी म्हणवून घेतली, हे आप्पाला विचार. सत्काराला मी येणार. मागे उभी राहीन, पण औताडे म्हणूनच.

आप्पाला नमस्कार. लोभाचं सत्कारानंतर बघू.

तुझी सरोजिनी औताडे

वैजापूर, २१ नोव्हेंबर

प्रिय सरोज,
स. न. वि. वि.

मुकुंदला फेटा बांधून होताच तू बससाठी निघालीस, म्हणून पुढचं लिहिते. मुकुंदनं माईक घेतला आणि म्हणाला, “नाटकातले औताडे आमचेच. माझा दम आत्यानं घडवलाय.” शेजारी बसलेल्या बद्रीनाथनं ह्यांना टोमणा मारला, “आप्पासाहेब, पोरगं आत्यावर गेलं की लई!”

घरी आल्यावर मीही सांगून टाकलं, ज्या घराला सरोज चालत नाही, तिथली सून मला नको. हे जेवले नाहीत. सकाळी मात्र स्वतः भाकरी मागितली.

तिकडे निघालेल्या पुंजारामच्या हाती सत्कारात मिळालेलं सामान पाठवते. फेटा तुला, मुकुंदनंच काढून दिलाय. नारळ लक्ष्मणच्या पोरींना, फोडून खाऊ देत. ढाल तुझ्या तालमीच्या खोलीत, पोस्टरखाली. ह्यांना पहिल्या रांगेचं तिकीट तू तुझ्या हातानं पाठव. शेजारची खुर्ची माझी.

लोभ जुनाच आहे, तो तसाच राहू दे.

तुझी उमा औताडे