पिशवीतून काय काढू

दि. ४ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडायला मला दम पुरत नाही, म्हणून हे पत्र. चष्मा लाव आणि सावकाश वाच. वाचून रडू नकोस, त्याचा मला काही उपयोग नाही.

गेल्या आठवड्यात पाठीत अशी कळ आली की मी स्वयंपाकघराचा ओटा धरून उभी राहिले. हाडांच्या डॉक्टरकडे गेले. दहावीचा निकाल लागायचा असावा असं त्याचं वय दिसतं. फोटो काढून त्याने सांगितलं की हाडं ठिसूळ झालीत आणि एक मणका खचलाय. जड काय उचलता, असं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, मी निवृत्त आहे. मग खुर्चीवरची माझी पिशवी बाजूला ठेवायला त्याने एक हात घातला, आणि दुसराही घातला. त्यानंतर माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी विमानतळाच्या काउंटरवर तीस वर्षं लोकांकडे पाहत आले. किती माणसांना मी रांगेतून बाहेर काढून सामान उपसायला लावलं असेल. कुणीतरी मनापासून शाप दिलेला दिसतो.

त्याचं म्हणणं असं की खांद्यावर एका पुस्तकापेक्षा जास्त वजन नको. दुसरा मणका गेला तर मी अंथरुणाला खिळेन. मी पिशवी घरी वजनकाट्यावर ठेवली, तर साडेसहा किलो. आता तूच सांग, काय काढू? इन्शुलिनचं पेन आणि ते गार ठेवायची बर्फाची थैली काढू? साखर तपासायचं यंत्र? मध्येच साखर उतरली तर खायला ग्लुकोजचा डबा? दम्याचा पंप आणि त्याची ती नळकांड्यासारखी नळी? शुश्रूषागृहात वॉर्डाबाहेर तासन्‌तास थांबावं लागतं त्यासाठी घडीचं स्टूल, पाण्याची बाटली, शाल, आणि ह्या वयात खोकताना जो घोटाळा होतो त्यासाठी बदलायचे कपडे? की तुझ्या बंधुराजांच्या सूपचा थर्मास?

थर्मास काढता येत नाही, हे तुला माहीत आहे. सकाळ-संध्याकाळ शुश्रूषागृहातले लोक दोन घोट दूध पाजतात, त्यातलं निम्मं उशीवर जातं. पोटात जातं ते दुपारी मी भरवते तेवढंच. मी एक दिवस गेले नाही की वजन उतरतं. वजन उतरलं की नाकातून नळी. आणि नळी घातली की हे ती ओढतात, म्हणून मागच्या वेळी दोन्ही हात पलंगाला बांधून ठेवले होते. ते पुन्हा होऊ देणार नाही असं मी ह्यांच्या कानाशी बोलले आहे. ह्यांना कळलं की नाही, देव जाणे. मला कळलं होतं.

तुझ्या सासूबाईंची पाठ सोलली होती ती बरी झाली का ते कळव. ह्या चिडक्या बाईवरची माया आहे तेवढी असू दे.

तुझी,
वहिनी

दि. ९ मार्च

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

रडू नको म्हणालीस, म्हणून आधी रडून घेतलं आणि मग पत्र पुन्हा वाचलं.

सासूबाईंची पाठ भरत आलीये, पण कूस बदलायला मीच लागते. त्यामुळे तिकडे येता येत नाही. ह्याची मला इतकी शरम वाटते की तू बोलली असतीस तर बरं झालं असतं. तू ह्याच एका बाबतीत कधी बोलत नाहीस.

आता पिशवीचं. आज काउंटरच्या त्या बाजूला मी उभी आहे असं समज. तू गेल्या दोन वर्षांत मला जी पत्रं लिहिलीस ती आठवून मी तुझी पिशवी इथे बसल्या बसल्या उघडली, आणि मला त्यात सामान कमी आणि भांडणंच जास्त दिसली. स्टूल कशासाठी? तिथल्या स्वागतकक्षात गादीच्या खुर्च्या आहेत, पण तिथे बसणाऱ्या मुलीला तू शिष्टाचार शिकवलेस. बदलायचे कपडे रोज ने-आण करायचे, कारण कपाटाची किल्ली तिच्याकडेच असते. पाण्याची बाटली कशासाठी? पाणी आया देते, आणि आयाशी तू वर्षभर अबोला धरलायस. थर्मास भरून न्यायचा, कारण तिथल्या स्वयंपाक्याच्या सूपला तू भांडी विसळलेलं पाणी म्हणालीस. बसथांब्याजवळच्या औषधवाल्याकडे ग्लुकोज मिळतं, पण त्याच्या पाटीवरच्या इंग्रजीला तू नावं ठेवलीस, तीही गिऱ्हाइकांसमोर. ज्या ज्या माणसाला तू तोडलंस, त्याचं काम तू खांद्यावर घेऊन फिरतेस.

वस्तू वाटेवर ठेव, वहिनी. एक इथे, एक तिथे. त्यासाठी चार माणसांना सांगावं लागेल की मला बरं नसतं. तेवढं सांग.

रागावलीस तर पत्रातच रागव, पण पत्र पाठव. लहानपणापासून पाठीशी घातलंस तसंच घाल.

तुझी,
बारकी

दि. १४ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

मी भांडकुदळ आहे हे ऐकण्यासाठी मी पोस्टाचं तिकीट चिकटवलं नव्हतं. ज्या आयाने ह्यांचे हात बांधले तिच्याशी मी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात, अशी तुझी इच्छा दिसते. तिला वरून हुकूम होता, हे मलाही ठाऊक आहे. गाठी तिने मारल्या.

आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या मदर म्हणायच्या की जिच्या पिशवीत सगळं असतं, तिला कुणाचं तोंड बघावं लागत नाही. रुमाल नाही म्हणून हात वर करणाऱ्या मुलीला त्या दिवसभर वर्गाबाहेर उभी करत. मी एकदाही बाहेर उभी राहिले नाही.

तरीही तुझं निम्मं ऐकलं. परवा स्टूल काढलं, बाटली काढली, ग्लुकोजचा डबा काढला. फक्त कुणाला काही सांगितलं नाही. बसमधून उतरले आणि पायाखालची जमीन कापसासारखी झाली. हात थरथरायला लागले, घाम सुटला, जीभ वळेना. साखर उतरली होती. औषधवाल्याचं दुकान समोर दिसत होतं, आणि मी त्याच्याकडे न जाता तशीच फुटपाथवर बसले. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. एक बाई आपल्या मुलाला म्हणाली की आजी प्यायलेली दिसते. मी, बारके. मी, जिने नाताळातला केकसुद्धा रम आहे म्हणून परत केला.

शेवटी कुणीतरी शुद्धीवर आणून गाडीत घालून घरी सोडलं. म्हणजे मी पोचले नाही. दुपारी आयाने भरवायचा प्रयत्न केला, ह्यांनी दात आवळून धरले. काल गेले तर तिथल्या डॉक्टरने बोलावून घेतलं. वजन फारच उतरलंय, महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर नळी घालावी लागेल, कागदावर माझी सही लागेल, असं शांतपणे म्हणाला. मी त्याच्याशी भांडले नाही ह्यावरून माझी काय अवस्था आहे ते ओळख.

सगळं सामान पुन्हा पिशवीत भरलंय. बस वळली तरी पाठीत कळ येऊन डोळ्यांपुढे काजवे चमकतात. पिशवी घेतली तर मी जाणार, नाही घेतली तर हे जाणार. तुझ्याकडे तिसरं काही असेल तर सांग. माझ्याकडे नाही.

राग पत्राबरोबर तिकडे आला आहे, तो तिथेच ठेवून घे. माया परत पाठव.

वहिनी

दि. १८ मार्च

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

सासूबाई झोपल्यात तेवढ्यात लिहिते.

मला ऐकू येत नाही हे दुकानात सांगायला मला चार वर्षं लागली. तोवर मी प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचे आणि नको ते घरी आणायचे. एकदा साबण मागायला गेले आणि उंदराचं औषध घेऊन आले. ज्या दिवशी बहिरी आहे म्हणून सांगितलं, त्या दिवशी घरी येऊन खूप रडले. दुसऱ्या दिवशी साबण मिळाला.

सोबत माझ्या जुन्या निळ्या साडीची शिवलेली एक छोटी पर्स पाठवते आहे. पंप, ग्लुकोजच्या पुड्या, किल्ली आणि तुझ्या दुखण्यांची चिठ्ठी एवढंच तिच्यात मावतं. मुद्दामच लहान शिवली.

दादाचे बांधलेले हात मी एकदाच पाहिलेत. दोनदा बघण्याची माझी ताकद नाही. सांग गं त्या लोकांना. माझ्यासाठी सांग.

कृपा असावी, आणि ह्या वेळी निम्मं नको, पुरतं ऐकावं.

बारकी

दि. २९ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

पर्स मिळाली. टाका वाकडा आहे.

सांगितलं सगळ्यांना. औषधवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि पाटी दुरुस्त करून घेतल्याचं दाखवलं. आता त्यात दुसरी चूक आहे, मी गिळून टाकली. ग्लुकोजचा डबा त्याच्या गल्ल्याशेजारी आहे. स्वागतकक्षातल्या मुलीने कपडे आणि शाल कपाटात ठेवली, खुर्ची पुढे केली. इन्शुलिन नर्सच्या फ्रीजमध्ये. स्वयंपाक्याला म्हटलं की मिरपूड घालू नका, गाळून द्या, ह्यांना गाठी चालत नाहीत. तो म्हणाला, एवढं आधी सांगितलं असतंत तर. प्रत्येक जागी मी पाय घसरल्यासारखी उभी होते. जीभ जड झाली होती आणि ह्या वेळी साखर ठीक होती.

निळी पर्स घेऊन वॉर्डात गेले. चालताना पाठ दुखली नाही. बसले, सूपचा चमचा ओठांशी नेला. ह्यांनी तोंड फिरवलं. मी हाक मारली, गालाला हात लावला, तुझं नाव घेतलं. दात आवळलेले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं की सूपचीच चव वेगळी लागत असेल. म्हणून चौथ्या दिवशी घरचं थोडं छोट्या बाटलीत नेलं. तेही नाही. मी सहीचा कागद मागून घेतला, बारके. पेनाचं टोपण काढलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याचा मुलगा आला आणि त्याने आपली बॅग मधल्या टेबलावर आदळली. ह्यांनी मान त्या बाजूला वळवली आणि तोंड उघडलं. चिमणीच्या पिलासारखं उघडलं.

समजलं ना तुला? पक्षाघाताचा झटका आल्यापासून ह्यांना धूसर दिसतं. दोन वर्षं मी रोज खांद्यावरून ती साडेसहा किलोची पिशवी त्या टेबलावर टाकत होते, धप्पकन, आणि मग चमचा यायचा. चव्वेचाळीस वर्षांचा संसार आणि तुझे बंधुराज ओळखतात कुणाला, तर पिशवीला.

मी तिथेच बसून इतकी हसले की नर्स धावत आली. ते हसणं नव्हतं हे तिला आधी कळलं.

दुसऱ्या दिवशी रिकामी पिशवी काखेत मारून नेली. आत घालायला वजन हवं, म्हणून ज्याची मी झोपाळू म्हणून तीनदा तक्रार केली त्या दारावरच्या पहारेकऱ्याकडे दोन विटा मागितल्या. कशाला म्हणाला. खरं ते सांगितलं. त्याने त्या धुऊन, फडक्यात गुंडाळून आणल्या. पण विटांची पिशवी मला उचलता येत नाही आणि वॉर्डात त्या वेळी एकच माणूस होतं. ती.

वर्षभरात पहिल्यांदा मी आयाशी बोलले. म्हटलं, ही पिशवी उचलून टेबलावर टाकाल का, जोरात. तिने मला दुसऱ्यांदा सांगायला लावलं नाही. तिच्याच हातांनी उचलली. मी तिच्या हातांकडे बघत होते, आणि तिला ते कळत होतं. धप्प झालं. ह्यांनी तोंड उघडलं. अर्धी वाटी सूप गेलं. ती उभीच राहिली, आणि शेवटी ह्यांची हनुवटी तिने पुसली. मी नको म्हणाले नाही.

डॉक्टरने नळी पंधरा दिवस पुढे ढकलली आहे. रद्द केलेली नाही. तेव्हा कुणाला पेढे वाटू नकोस. मणका खचलेलाच आहे, तो काही वर येणार नाही. हे माझ्या हातून जेवतात, पण मला बघून जेवत नाहीत, हे रोज चमचागणिक गिळावं लागतं. मात्र माझ्या हातात आता त्या चमच्याचंच वजन आहे.

तुझ्या सासूबाईंना नमस्कार. तुझी माया पोचते आहे, तिचं मी वजन करत नाही. ती तशीच येत राहू दे.

तुझी,
वहिनी

ता. क. पत्र पोस्टात टाकायचं राहिलं होतं, म्हणून लिहिते. आज आयाला सांगून एक वीट काढली. आवाज हलका झाला. ह्यांना वेळ लागला, माझ्या दिशेला बराच वेळ पाहत राहिले, पण तोंड उघडलं. आठवड्याने दुसरी काढणार आहे. मग नुसती रिकामी पिशवी. आणि मग, जमलंच तर, पिशवीशिवाय.