मागच्या गेटचा अर्ज

फरीदाबाद,
२ नोव्हेंबर २०२५

चि. प्रणिता,

आईचे आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. तुझं पाकीट गेल्या सोमवारी मिळालं. तुझ्या प्रश्नांची उत्तरं फोनवरही देता आली असती, पण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. म्हणून लिहिते आहे.

इकडे धुराने सकाळी समोरच्या गच्चीवरची टाकीसुद्धा दिसत नाही. सगळी इमारत खोकते. मी तिसऱ्या मजल्यावरून दिवसातून एकदाच उतरते, भाजीला. भाजीवाला रस्त्याच्या पलीकडे उभा असतो. मी अलीकडून हात केला की ओरडतो, "आंटी, आप वहीं रुको, मैं आता हूँ." आणि खरंच पिशवी घेऊन येतो. सहा महिन्यांत फरीदाबादेत मी एवढीच ओळख कमावली आहे.

सुनावणीसाठीचा तुझा अहवाल डिक्शनरी घेऊन वाचला. सहा दिवस लागले. काही पानं डोक्यावरून गेली. पण सिग्नल सातशे मीटर लांब असला की माणूस तिथवर जात नाही, जिथे आहे तिथूनच रस्ता ओलांडतो, हे समजायला इंग्रजी लागत नाही. कॉलनीबाहेरच्या त्या रस्त्यावर गाडीखाली गेलेल्या सात जणांची यादी आहे ना, तिच्यात चौथ्या ओळीत लिहिलंय, 'पुरुष, वय ५७, पायी'. मी ती ओळ ओलांडून पुढे गेले होते. मग तारीख पाहिली आणि परत मागे आले. बाबांना कोणी पुरुष, वय ५७ म्हणेल असं कधी वाटलं नव्हतं.

तू विचारलंस, बाबा त्या दिवशी त्या रस्त्यावर का होते. ऑफिसला निघाले होते, दुसरं काय. सव्वाआठला डबा घेऊन गेले. बस पलीकडच्या बाजूने मिळते. दुभाजकाला एक फट होती, सगळे तिथूनच जायचे. त्या दिवशी दुधीची भाजी होती. तुझ्या अहवालात हे लागणार नाही, पण मला त्या दिवसाचं आधी तेच आठवतं.

सायकल का सोडली, हेही विचारलंस. तू घरी होतीस तेव्हाची त्यांची वाट तुला माहीतच आहे. आर. के. पुरमच्या आपल्या क्वार्टरचं मागचं गेट, मग इस्त्रीवाल्याच्या टेबलाजवळून जाणारी गल्ली, मग आतल्या आतल्या रस्त्यांनी ऑफिस. वीस मिनिटं, आणि एकही मोठा रस्ता नाही. गेटला आडवेतिडवे पाइप होते, म्हणून सायकलचं पुढचं चाक उचलून काढावं लागे. सेक्शन ऑफिसर होऊनही सायकलवर येतात म्हणून लोक चिडवायचे, "पाठारेजी, सरकार ने गाड़ी नहीं दी?" बाबा म्हणायचे, "दी है, बस हवा मुझे भरनी पड़ती है."

गेट बंद झाल्यावर सायकल फ्लायओव्हरखालून न्यावी लागली असती. दोन दिवस नेली, तिसऱ्या दिवशी जिन्याखाली लावून ठेवली. तेव्हापासून बस. बससाठी रस्ता ओलांडणं आलं. चौदा महिने ते रोज तो रस्ता ओलांडत होते.

राहिला तुझा तिसरा प्रश्न, गेट बंद करायची मागणी कोणी केली. शेजारच्या प्रमोदिनी वहिनींची गळ्यातली साखळी चोरीला गेली होती, तुला आठवत असेल. तेव्हा सगळीकडे घबराट होती. कमिटीचे ढींगरा साहेब घरोघरी बोलले आणि सह्या झाल्या. कोणाकोणाच्या, ते आता सांगता येणार नाही. बऱ्याच जणांच्या होत्या.

तू जेवणाच्या वेळा पाळ. अहवालातल्या फोटोत तू बारीक दिसतेस.

तुझी,
आई

—

फरीदाबाद,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रणिता,

काल दुपारी तुझा मेसेज आला, त्याखाली त्या अर्जाचा फोटो. माहितीच्या अधिकारात तुला तो मिळेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. जुने कागद कुठेतरी पडून राहतात एवढंच मला माहीत होतं.

तू लिहिलंस, 'आई, पहिल्याच नंबरला बाबांची सही आहे. गेट बंद करा असं त्यांनीच मागितलं होतं. सुनावणीत समोरचे लोक हाच कागद दाखवतील. मी यादीतून त्यांचं नाव काढतेय, सहाच नावं देऊ.' आणि खाली, 'मला त्यांचा राग येतोय आणि तो कुठे ठेवू कळत नाही.'

तो राग त्यांच्यावर ठेवू नकोस. ती सही माझी आहे.

आता सगळं नीट लिहिते. मागच्या पत्रात मी तुला सह्यांचं सांगता येणार नाही असं लिहिलं. ते लिहिताना मला सगळं येत होतं.

अर्जाची कल्पना माझी होती. ढींगरा साहेबांकडे मीच गेले. ते टाइप करून द्यायला तयार झाले आणि म्हणाले, "पर भाभीजी, साइन अलॉटी के चाहिए. लेडीज के नहीं चलेंगे." क्वार्टर बाबांच्या नावावर, म्हणून सही बाबांची हवी. बाबा तेव्हा तीन आठवडे गुवाहाटीला टूरवर. मी म्हटलं, घरी जाऊन घेऊन येते. ते हसले. त्यांना कळलं असावं. मी घरी आले, जेवणाच्या टेबलावर कागद ठेवला आणि सही केली. हात जरासुद्धा थांबला नाही. तू शाळेत असताना बाबा टूरवर असले की तुझ्या रिपोर्ट कार्डावर मी त्यांचीच सही करत होते, सवय होती. मग तोच कागद घेऊन मी बावीस घरं फिरले. पहिली सही पाठारेंची बघून बाकीच्यांनी विचारलंही नाही. सरळ माणूस म्हणून बाबांचं नाव होतं ना.

चोरीचंही मी तुला अर्धवट सांगितलं. वहिनींची साखळी ओढणारा मोटारसायकलवर होता. मी सहीसाठी त्यांच्या दारात गेले तेव्हा त्या काय म्हणाल्या, शब्द न् शब्द सांगते. "सुमित्राताई, त्या पाइपांतून सायकल उचलून काढावी लागते, तिथून मोटारसायकल जाईल का? तो समोरच्या गेटातून आला न. गार्डनं सलाम ठोकला त्याला. माझ्या साखळीचं नाव सांगून गरिबांची वाट कशाला बंद करता?" त्यांनी सही केली नाही. कागदावर बघ, तेवीसपैकी त्यांचंच एक घर नाही.

त्या बरोबर बोलत होत्या, हे मला दारातच कळलं होतं.

मला चोराची भीती नव्हती. मला आवाजाचा त्रास होत होता. आपली खिडकी तळमजल्यावर, आणि खिडकीबाहेर जांभळाचा पार. चार वाजले की कामं आटपून पलीकडच्या वस्तीतल्या बाया तिथे टेकायच्या. इस्त्रीवाल्याची बायको चहा करायची. मुलं लुडो खेळत भांडायची. दूधवाले, सायकलवरची शाळेची पोरं, सगळ्यांना त्याच वाटेने जायचं असे आणि थांबून दोन शब्द बोलल्याशिवाय कोणी पुढे जात नसे. कोणीतरी मोठ्याने हसायचं. मला वाटायचं, माझ्यावरच हसतात.

मी सातवीनंतर पुस्तक हातात धरलं ते पंचेचाळिसाव्या वर्षी. मंडळाच्या वाचनालयातून पंधरा दिवसांना दोन आणायची. तेवढी एकच गोष्ट माझी होती, आणि वेळ मिळे तो दुपारी चार ते सहा. मला वाचायला शांतता हवी होती. एवढंच कारण. त्याहून मोठं असतं तर बरं झालं असतं, तुला सांगायला काही तोंड राहिलं असतं.

गेटला कुलूप लागलं आणि पहिले आठ दिवस मी खूप वाचलं.

बाबा टूरवरून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल घेऊन गेले आणि पाच मिनिटांत परत. मी ओट्यापाशी होते.

"गेटला कुलूप आहे."

"हो. चोऱ्या होतात म्हणून. सगळ्यांनी सह्या केल्या."

"मीपण?"

"तुम्हीपण."

मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. कोणी विचारलं तर मला माहीत असायला हवं."

एवढंच. आवाज चढला नाही. चढला असता तर मी भांडले असते आणि भांडणात कुठेतरी कबूल करून बसले असते.

मे महिन्यात एकदा घामाने निथळत घरी आले. शर्ट पाठीला चिकटला होता. माझ्याने बघवेना. मी म्हटलं, ढींगरांना सांगते, उघडा म्हणावं. तर म्हणाले, "ऑर्डर निघाली आहे मॅडम. रिव्ह्यू सहा महिन्यांनी." माझी टिंगल करून पाणी प्यायले आणि पंख्याखाली बसले. सहा महिने झाले. त्यांनी आठवण केली नाही, आणि मीही केली नाही. तोवर इस्त्रीवाला टेबल उचलून गेला होता. पारावर कोणी येत नव्हतं. चार वाजता पानं पडल्याचा आवाज यायचा आणि माझं वाचनात लक्ष लागत नव्हतं.

बाबांना निगमबोध घाटावर पोचवून परत आल्यावर तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "ज्यांनी त्या अर्जावर सह्या केल्या त्यांचं तोंड मी पाहणार नाही." तेवढ्यात प्रमोदिनी वहिनी चहाचा थर्मास घेऊन दारात आल्या. साखळी त्यांची, म्हणून सही त्यांची, असं तू धरून चाललीस. "आपल्या चहाची गरज नाही," म्हणालीस. मी तुझ्यामागे उभी होते. थर्मास हातात घेऊन त्या वळल्या, आणि मी त्यांना जाऊ दिलं.

मी तुला घाबरले होते प्रणिता. नवरा गेला होता, मुलगीही जाईल असं वाटलं. अडीच वर्षं मी तुला तसंच राखलं, खोटं बोलून.

आज सकाळी वहिनींना फोन लावला. त्या आता लक्ष्मीबाई नगरला मुलाकडे असतात. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला माहीतच होतं ताई. भाऊजी गुवाहाटीला गेले त्या दिवशी त्यांची बॅग आमच्याच ह्यांनी टॅक्सीत ठेवली होती. सही कुठून येईल?"

"मग प्रणितानं दारातून परत पाठवलं तेव्हा का नाही बोललात?"

"तुमच्या घरातून माणूस गेला होता. मी सहीचा हिशेब काढत बसू?"

त्या सुनावणीत सांगायला तयार आहेत. मी म्हटलं, आधी मला सांगू द्या.

या पत्रासोबत माझं निवेदन पाठवते आहे. हिंदीत लिहिलं आहे, चुका असतील त्या तशाच राहू देत, कोणाकडून सुधारून घेऊ नकोस. सोबत तुझी सहावीची दोन रिपोर्ट कार्डं आहेत. त्यांवरची सही आणि अर्जावरची सही एकाच हाताची आहे, कोणालाही दिसेल. बाबांची खरी सही त्यांच्या बँकेच्या पासबुकावर आहे, तेही ठेवलं आहे. टूरच्या तारखा त्यांच्या ऑफिसातून मिळतील. दुसऱ्याची सही करणं गुन्हा आहे हे मला कळतं, आणि ते मी निवेदनात लिहिलंही आहे.

आणखी एक लिहिलं आहे, ते तुझ्या माणसांना पटतं का बघ. मी लिहिलंय की सही खोटी नसती तरी रस्ता तसाच होता. फट ठेवून सिग्नल न देणारे दुसरे होते, गाडी हाकणारा दुसरा होता. माझा वाटा मी घेते, पण त्यांनी त्यांचा माझ्या पदरात टाकू नये. आणि ते गेट उघडावं. तिथे पुन्हा लोक बसतील की नाही सांगता येत नाही. वाट मोडायला एक कुलूप पुरतं, वसायला किती वर्षं लागतात ते तुझ्या अहवालात कुठे सापडलं नाही.

बाबांचं नाव यादीतून काढू नकोस. ते गेले तेव्हा त्यांच्या हातून काहीच चुकलं नव्हतं. ऑफिसला निघालेला माणूस होता.

माझ्याशी तू पुढे बोलशील की नाही, ते मी या पत्रात विचारत नाही. घाटावरून आल्यावर जे बोललीस ते मागे घे असंही म्हणत नाही. तुला तेव्हा माहीत नव्हतं कोणाबद्दल बोलतेस, आता माहीत आहे. तू ठरव.

सुनावणी चोवीसला अकरा वाजता आहे ना. मी मेट्रोने एकटी येईन, मला घ्यायला कोणी नको. तू पुढे तुझ्या लोकांबरोबर बस, मी मागे बसेन. माझं नाव पुकारलं की उठेन आणि इथे लिहिलंय तेवढंच बोलेन. तेव्हा तू मागे वळून बघितलं नाहीस तरी मी बोलणं पुरं करीन.

तुझी म्हणवत नाही, पण तुझीच,
आई