सारसाच्या पोटात फुंकर

प्रिय चिनात्सु,

बाबा आणि पत्र, असं म्हणून हसशील. हस. पण सोमवारी तुझ्या सायोच्या शाळेत जे पाहिलं, त्याने मी अजून भारावलेला आहे. फोनवर सांगायला गेलो असतो तर निम्मं राहून गेलं असतं.

दर जानेवारीत पहिलीच्या मुलांना जुने खेळ शिकवायला गावातल्या म्हाताऱ्यांना बोलावतात, तुला आठवत असेलच. हिसाएबाई दाण्यांच्या पिशव्या झेलायला शिकवतात, मी कागदाच्या घड्या. सकाळी निघताना सायोचा हात धरला तर तो गारठलेला. एप्रिलपासून पोर माझ्याकडे आहे. मान हलवते, कधी हसतेही, पण शब्द नाही. वर्गात नाही, घरात नाही. तुमचं दोघांचं मोडलं त्यात तिचा आवाज कुठे अडकला, कोण जाणे. आता वर्गातली मुलं तिला काही विचारतही नाहीत, हे मला जास्त लागतं.

यंदा तिच्या वर्गशिक्षिका नोमुराबाईंनी गावातल्या कागद गिरणीतून एक अवाढव्य चौकोनी कागद मागून आणला होता. पसरला तर निम्मा हॉल भरला. त्याचा सारस करायचा! मी जन्मभर सारस केले, पण सगळे तळहातावर मावणारे. इथे घडी घालायची म्हणजे कोपरा धरून चालत जायचं. पोरं पायमोज्यांवर घसरत, कोपरा डोक्यावर घेऊन या टोकाहून त्या टोकाला निघाली, की मागून सगळा कागद लाटेसारखा उठून यायचा. मी मधोमध उभा राहून हुकूम सोडत होतो. हिसाएबाई म्हणाल्या, "अहो सेनापती, कागद तुमच्याच पायाखाली अडकलाय!"

मान निघाली, शेपटी निघाली, पंख खिडक्यांपर्यंत पोचले. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं. शेवटी पोटाखालच्या भोकातून फुंकर मारतो ना आपण, पाठ फुगते आणि घड्यांचा पक्षी होतो? याला फुंकणार कोण? एवढ्या शहाण्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. नोमुराबाईंनी सायकलचा पंप आणला. हेडमास्तर पालथे पडून फुंकू लागले, लालबुंद झाले, पोरं हसून लोळली. सारस चपटा तो चपटाच.

तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली सायो उठली आणि कुणाला न विचारता त्या भोकातून आत शिरली. हसणं थांबलं. आत कागद सळसळला. पाठ एका जागी उचलली गेली, मग दुसऱ्या, आणि हळूहळू तो प्रचंड पक्षी आतून भरत गेला, उभा राहिला. पंख थरथरले. चिनात्सु, माझ्या अंगावर काटा आला. ऊन त्या पातळ कागदातून आरपार आलं होतं, आणि आत हात पसरून उभी असलेली तिची एवढीशी सावली दिसत होती. हिसाएबाईंनी नकळत हात जोडले. आणि आतून खणखणीत आवाज आला, "आजोबा, इथली तुमची घडी वाकडी झालीय!"

मग एक पोरगी किंचाळली, "सारस बोलला!" तिच्या शेजारचा म्हणाला, "सारस कसला, आपली सायो आहे ती! सायो, अजून बोल ना!" मी तिथेच खाली बसलो आणि सगळ्यांदेखत रडलो. जरासुद्धा लाज वाटली नाही.

तेव्हापासून ती बोलते. फार नाही, आणि बाहेर अजून कुजबुजच. घरी बहुतेक माझ्या चुका काढते. सूप खारट झालंय, मोजे उलटे घातलेत. मी मुद्दाम उलटे घालतो.

आता पत्राचं कारण. गेल्या रविवारी तू म्हणालीस, पलीकडून नुसता तिचा श्वास ऐकू येतो, सोसवत नाही, आता काही दिवस फोन करणार नाही. काल रात्री जेवताना तिने विचारलं, "मी बोलले नाही म्हणून आई रागावली का?" याचं उत्तर द्यायचं काम माझं नाही, तुझं आहे. या रविवारी फोन कर. मी उचलणार नाही. तिने बजावलंय, "आजोबा, हात लावायचा नाही, मी घेणार."

तुझाच, नातीची बोलणी खाणारा,
बाबा